घर सोडलं म्हणून हक्क सुटत नाही



आपल्या समाजात एक वाक्य फार सहज बोललं जातं. एखादी बाई मुलांना घेऊन नवऱ्याचं घर सोडून आली, की आठ-पंधरा दिवस सगळे हळहळतात. मग खर्चाचा विषय निघाला, की कुणीतरी म्हणतंच, "स्वतःच्या पायानं बाहेर पडली ना? आता कुठल्या तोंडानं पैसे मागणार?" हे वाक्य मी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. वाईट याचं वाटतं, की त्या बाईलाही ते खरं वाटतं. ते खरं नाही. देशाच्या कायद्याप्रमाणे नाही आणि आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणेही नाही.

बेळगाव भागातल्या एका पॅरिश शाळेत मी बरीच वर्षं मराठी आणि गणित शिकवलं. मी वकील नाही. पण निवृत्त झाल्यापासून जुन्या विद्यार्थिनी कागद घेऊन घरी येतात. "टीचर, हे काय लिहिलंय सांगा ओ," म्हणतात. त्यांच्याबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता, वकिलांना विचारता विचारता जे कळलं, ते इथे मांडते आहे.

त्यातल्या एकीची हकीकत तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. तिच्या नवऱ्याला कारखान्यात पक्की नोकरी. दारू नाही, मारहाण नाही, रविवारची मिस्सा चुकत नाही. त्यामुळे लोक त्याला गुणी म्हणायचे. घरात मात्र सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. भाजीला शंभर रुपये द्यायचा आणि संध्याकाळी सुट्ट्या पैशांसकट हिशेब घ्यायचा. ही घरी शिवणकाम करायची, त्याचे पैसे त्याच्या हातात. गृहलक्ष्मीचे दोन हजार हिच्या नावावर जमा व्हायचे, पण एटीएम कार्ड त्याच्या खिशात. मोबाईल रोज तपासायचा. मुलीला ताप आला तरी डॉक्टरकडे जायच्या रिक्षाभाड्यासाठी आधी त्याला फोन करायचा. बारा वर्षं असं काढून ती दोन मुलांना घेऊन बाहेर पडली. मग त्याचा निरोप आला, "परत आलीस तर सगळं तुझंच. नाही आलीस तर एक पैसा नाही."

म्हणजे घर सुटलं तरी दोरी त्याच्याच हातात राहिली. अशा बाया परत जातात त्या मन बदललं म्हणून नव्हे, तर भाडं आणि शाळेची फी भरता येत नाही म्हणून. म्हणून पोटगी हा लोभाचा किंवा सूड घेण्याचा विषय नाही. त्या बाईला मोकळ्या मनाने निर्णय घेता येईल की नाही, हे त्यावर ठरतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

पहिली गोष्ट, पोटगी मागायला घटस्फोट घ्यावा लागत नाही. आपल्या बायकांना हेच माहीत नसतं. "मला घटस्फोट नको, संस्कार मोडायचा नाही," असं म्हणून त्या गप्प बसतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. ते हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांना सारखंच लागू आहे. ऐपत असूनही नवरा बायकोला आणि लहान मुलांना सांभाळत नसेल, तर न्यायालय दरमहा रक्कम ठरवून देतं. हा कायदा बायकांचीच बाजू घेतो म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांनाही मुलांकडून पोटगी मिळते ती याच कलमाखाली. जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे हा अर्ज करायचा, नाहीतर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. नवऱ्याच्या गावी जाण्याची सक्ती नाही. बायको सध्या जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो.

दुसरी गोष्ट, मारलं नाही म्हणजे छळ झाला नाही असं नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आर्थिक छळालाही हिंसाचार म्हणतो. घरखर्चाला पैसे न देणं, तिच्या हक्काचा पैसा किंवा दागिने अडवून ठेवणं, घरातल्या ज्या गोष्टी वापरण्याचा तिला अधिकार आहे त्या बंद करणं, हे सगळं त्यात येतं. माझ्या विद्यार्थिनीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "टीचर, हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय होय?" या कायद्याखाली दरमहा खर्च, औषधपाणी, वेगळं राहण्याचं भाडं किंवा त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. नवरा नोकरीत असेल तर पगारातून रक्कम कापून थेट बायकोला द्या, असा आदेश न्यायालय त्याच्या मालकाला देऊ शकतं. अर्जाची सुरुवात जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडेही करता येते.

तिसरा मार्ग आपल्या ख्रिस्ती विवाहांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातला. त्यात न्यायिक फारकत मागता येते. म्हणजे लग्न कायम, पण वेगळं राहण्याला न्यायालयाची मान्यता. क्रूरता, व्यभिचार किंवा दोन वर्षं टाकून देणं ही त्याची कारणं. दावा चालू असताना कलम ३६ खाली आणि निकालानंतर कलम ३७ खाली पोटगी मिळते. पूर्वी दावा चालू असतानाची पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशापुढे जात नसे. ती मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने काढून टाकली. जुनी माणसं अजून तोच पाचवा हिस्सा सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

यातला कुठला मार्ग घ्यायचा ते वकिलाला विचारून ठरवावं. एकाहून जास्त ठिकाणी अर्ज केला तर आधीच्या अर्जाची आणि आदेशाची माहिती लपवू नये. एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसरीकडे धरली जाते.

आता वकिलाच्या फीची चिंता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती हे पाहिलं जात नाही. आपल्याकडे जिल्हा कायदा सेवा प्राधिकार आणि तालुक्याच्या ठिकाणी त्याची समिती असते. फोन नंबर १५१००. महिला मदतवाणी १८१. धोका असेल तर ११२. मराठी बोलणाऱ्या बहिणींनी एक करावं. वकील नेमून देतानाच मराठी आणि कानडी दोन्ही येणारा द्या म्हणून सांगावं. आणि ज्या कागदावर सही करायची तो आधी मराठीत समजावून घ्यावा. तारखेला जायला सरकारी बस कर्नाटकातल्या बायकांना जून २०२३ पासून मोफत आहे. शहरात येण्याजाण्याचा खर्च नको म्हणून तारीख चुकवणारी बाई मी पाहिली आहे, म्हणून हेही सांगते.

यानंतर माझा विषय, गणित. माझी विद्यार्थिनी वकिलाला सांगणार होती, "महिन्याला पाच हजार दिले तरी बास." हा पाच हजारांचा आकडा तिने कुठून काढला? भाजीच्या शंभर रुपयांची सवय लागलेली बाई, तिला पाच हजार म्हणजे डोंगर वाटला. मी दोनशे पानी वही दिली आणि म्हटलं, महिनाभर सगळं लिही. महिन्याच्या शेवटी वहीत असं निघालं. भाडं ४,५००. किराणा आणि भाजी ६,०००. दूध १,२००. गॅस ९००. दोन मुलांची शाळेची फी महिन्याला २,४००. रिक्षा, वह्या, गणवेश १,२००. औषधं ८००. मोबाईल ३००. बेरीज १७,३००. शिवणकामाचे साधारण ६,००० मिळायचे. म्हणजे ११,३०० रुपये दर महिन्याला कमी पडत होते आणि ती पाच हजार मागणार होती. अर्जात वहीतला हिशेब गेला. अंतरिम आदेश ९,००० रुपयांचा झाला. मागितले तेवढे मिळाले नाहीत, पण भाडं आणि फी यांची भीती गेली.

म्हणून बहिणींनो, आकडा मनाने काढू नका, वहीतून काढा. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सगळ्या न्यायालयांना नियम घालून दिला. पोटगीच्या खटल्यात नवरा आणि बायको दोघांनीही आपलं उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगायचं. खोटं सांगितलं तर कारवाई होऊ शकते. ज्या घरात नवऱ्याचा पगार किती हेच बायकोला कधी कळलं नाही, त्या घरातल्या बाईला या प्रतिज्ञापत्राचं मोल विचारा.

त्याच निकालात आणखी एक मोठी गोष्ट आहे. पोटगी धरायची ती अर्ज केल्याच्या तारखेपासून, निकालाच्या तारखेपासून नव्हे. म्हणजे खटला दीड वर्ष चालला तरी ते दीड वर्ष फुकट जात नाही. पण घर सोडून दोन वर्षं तुम्ही अर्जच केला नाही, तर ती दोन वर्षं सहसा हातात येत नाहीत. "बघू, त्याला पाझर फुटेल," म्हणून थांबणाऱ्या बाया सगळ्यात जास्त नुकसान इथे करून घेतात. अर्ज केल्यावर समेट झाला तर आनंदच आहे, अर्ज मागे घेता येतो. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निर्णय शक्यतो नोटीस लागल्यापासून ६० दिवसांत व्हावा असं कायदाच सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो, पण वकिलाला त्या ६० दिवसांची आठवण करून द्यायला हरकत नाही.

वाटेत खड्डे आहेत, तेही सांगते.

पंच बसवून स्टॅम्पपेपरवर "आम्ही दोघे राजीखुशीने वेगळे राहतो" असं लिहून घेतात. सही करण्याआधी वकिलाला दाखवा. दोघांच्या संमतीने वेगळं राहणाऱ्या बायकोला कलम १४४ खाली पोटगी नाकारता येते. छळामुळे बाहेर पडलेल्या बाईने राजीखुशीने बाहेर पडले असं का लिहून द्यावं?

"परत ये, मग देतो," हे उत्तर न्यायालयातही दिलं जातं. तेव्हा परत न जाण्याचं तुमचं कारण न्यायाधीश ऐकतात आणि ते योग्य वाटलं तर पोटगी देतात. नवऱ्याने नांदायला येण्याचा हुकूमनामा मिळवला तरी तेवढ्यावरून पोटगी बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. बायकोकडे न जाण्याचं सबळ कारण हवं, एवढंच.

"ती शिवणकाम करते, तिला कशाला?" याचंही उत्तर आहे. थोडंफार कमावते म्हणून हक्क जात नाही, असं चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या खटल्यात सांगितलं गेलं. तेव्हा आपली कमाई लपवू नका. सहा हजार मिळतात तर सहा हजारच लिहा. आणि नवरा "नोकरी सोडली" म्हणाला, तर धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकोमुलांना पोसलं पाहिजे, असं २०२२ मध्ये अंजू गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे.

पैसे रोख घेऊ नका. बँकेत किंवा मोबाईलवरून घ्या, म्हणजे कधी किती आले याची नोंद राहते. स्वतःच्या नावाचं नवीन खातं काढा, कार्ड आणि पिन स्वतःजवळ ठेवा. सरकारी योजनेचे पैसे त्या खात्यात वळवून घ्या. आदेश होऊनही पैसे थकले तर वाट पाहत बसू नका. थकबाकी वसुलीचा अर्ज एक वर्षाच्या आत करावा लागतो. न भरणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही.

आपल्या बऱ्याच मुली गोव्यात दिलेल्या आहेत. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि तिच्यात बायकोचा अर्धा वाटा असतो. तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीन किंवा घर विकता येत नाही. हा हक्क पोटगीहून वेगळा आहे. कुणी "पाच लाख घे आणि सही कर" म्हटलं, तर आधी आपला अर्धा वाटा किती होतो याचा हिशेब करा.

आता श्रद्धेची बाजू. कारण आपल्या बहिणीला कोर्टापेक्षा जास्त भीती वाटते ती पापाची. ख्रिस्तसभेचा १९८३ चा धर्मविधान संग्रह पाहा. जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल, किंवा एकत्र राहणं फारच कठीण झालं असेल, तर वेगळं राहायला ते न्याय्य कारण आहे, असं नियम ११५३ सांगतो. यासाठी बिशपांची परवानगी घ्यावी, पण थांबण्यात धोका असेल तर स्वतः निर्णय घेता येतो. लगेच पुढचा नियम ११५४ सांगतो, की वेगळं झाल्यावर मुलांच्या पालनपोषणाची आणि शिक्षणाची नीट तरतूद झालीच पाहिजे. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही कुटुंबावरच्या आपल्या पत्रात लिहिलं, की छळ आणि मानहानी यांपासून दुबळ्या जोडीदाराला आणि लेकरांना वाचवण्यासाठी वेगळं होणं कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच असतं. वेगळी राहणारी आणि पुन्हा लग्न न केलेली बाई केवळ वेगळी राहते म्हणून ख्रिस्तशरीर स्वीकारायला अपात्र ठरत नाही. तिला मागच्या बाकावर बसवणाऱ्यांनी हे एकदा फादरांना विचारून घ्यावं.

आणि चर्चच्या ट्रिब्युनलने विवाह रद्दबातल ठरवला, तरी देशाच्या कायद्याच्या दृष्टीने तो विवाह तेवढ्याने संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं. म्हणून "चर्चने लग्न रद्द केलं, आता पोटगी नाही," असं कुणी म्हटलं तर ते मानू नका.

समुपदेशनाला माझा विरोध नाही. चांगल्या सिस्टर आणि फादर यांनी मोडत आलेली घरं सावरलेली मी पाहिली आहेत. फक्त, समेटाची बोलणी होईपर्यंत अर्ज करू नकोस, असं तिला सांगू नये. बोलणी सहा महिने चालतात आणि घरमालक मात्र पाच तारखेला दारात उभा राहतो. ज्या नवऱ्याला खरंच समेट हवा आहे, त्याने मुलांची फी थांबवायचं कारण काय?

शेवटी आपण काय करू शकतो ते लिहिते. अर्ज केल्यापासून पहिला पैसा हातात येईपर्यंतचे दोन-चार महिने सगळ्यात अवघड. याच काळात बाई हार मानते. आपल्या पॅरिशमधली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असो, महिला मंडळ असो की लहान ख्रिस्ती समूह, त्यांनी अशा घरी तीन महिन्यांचं भाडं किंवा किराणा पोचवला तर ती टिकून राहील. पॅरिश ऑफिसने विवाहाचा आणि मुलांच्या बाप्तिस्म्याचा दाखला "नवऱ्याला घेऊन ये" न म्हणता द्यावा. ज्यांना कानडी येतं त्यांनी एक दिवस तिच्याबरोबर कोर्टात जावं. शेजारच्या हिंदू-मुसलमान बहिणींनाही हे सांगावं, कारण कलम १४४ आणि मोफत वकील त्यांच्यासाठीही तेच आहेत. आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी निदान "कुठल्या तोंडानं मागणार?" हे विचारणं सोडावं.

जिला गरज आहे तिने उद्या सकाळी एक वही घ्यावी आणि पहिल्या पानावर तारीख टाकून खर्च लिहायला सुरुवात करावी. दुसऱ्या पानावर १५१०० हा नंबर लिहून ठेवावा.

– एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव